घारापुरी एका दिवसात: लाँच, भरतीची वेळ आणि लेण्यातला क्रम

घारापुरीची, म्हणजे एलिफंटा लेण्यांची, सहल बहुतेकांची फसते ती मुंबईच्या गेटवेवरच, आणि तीही उशिरामुळे. अकरा-साडेअकराला रांगेत उभे राहिले की लाँचला एक तास, धक्क्यावरची चाल, शंभर-सव्वाशे पायऱ्या, वर पुन्हा तिकिटाची रांग, असे करत लेण्यात पाय ठेवेपर्यंत दीड वाजतो. तोवर पोटात कावळे ओरडत असतात, मुले कंटाळलेली असतात आणि शिवाच्या तीन मुखांच्या महेशमूर्तीपुढे फोटोवाल्यांची भिंत उभी असते. म्हणून पहिला नियम: साडेआठला गेटवेवर हजर, नऊच्या सुमाराची पहिली लाँच. बाकीचे सगळे बेत त्यावर बसवायचे.

दिवस कोणता?

सोमवारी लेणी बंद असतात. हे दरवेळी सांगावे लागते, कारण दर सोमवारी कुणीतरी गेटवेवर येऊन परत जातेच. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. शनिवार-रविवारी जायचेच असेल तर पहिल्या लाँचला पर्याय नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि ४ डिसेंबरचा नौदल दिन या तारखांच्या आगेमागे गेटवे परिसरात बंदोबस्त असतो, त्यामुळे ते दिवस टाळा. महाशिवरात्रीला बेटावर दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी असते. शिल्पे निवांत पाहायची असतील तर तो दिवस आपला नव्हे.

हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चांगली. पावसाळ्यात बेट हिरवेगार दिसते, पण लाँच समुद्राच्या मर्जीवर. धोक्याचा बावटा लागला की फेऱ्या थांबतात, कधी सकाळी सुरू झालेल्या दुपारी बंद होतात. मुंबईतच राहत असाल तर जुलैत जाऊन बघायला हरकत नाही, नाही जमले तर घर जवळ आहे. गावाहून आलेल्या पाहुण्यांना चार दिवसांच्या मुक्कामात घारापुरी दाखवायची असेल तर मात्र पावसाळ्यात हा बेत आखू नका.

भरती-ओहोटीचे गणित

लाँच एरवीही सुटतात, मग भरतीशी आपला काय संबंध? संबंध चढण्या-उतरण्याशी आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या बंदरात पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. ओहोटीला गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. गर्दीच्या वेळी एका लाँचवर पाय ठेवून पलीकडच्या लाँचमध्ये जावे लागते, तेही हलत्या फळीवर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही खरी अडचण, लेण्याच्या पायऱ्या त्यानंतर.

वेळ काढायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचला. तासाभराचा फरक धरून चाला. सहलीला एवढी अचूकता पुरते.

याचा उपयोग असा. पौर्णिमा किंवा अमावस्येला गेलात तर सकाळी चढणे सोपे, पण शेवटच्या लाँचने परतलात तर नेमके तळाला गेलेल्या पाण्यात, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतराल. त्या दिवशी दोन-अडीचला परत फिरा. वयस्कर माणसे बरोबर असतील तर अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस निवडा. तेव्हा भांग असतो, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, आणि दिवसभर चढ-उतार बेताचा राहतो.

लाँचवर

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून गेटवे चालत साधारण अर्ध्या तासावर आहे, मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक त्याहून जवळ. आवारात शिरताना पिशव्यांची तपासणी होते. मोठ्या बॅगा घेऊन येऊ नका, बेटावर त्या वाहत फिराव्या लागतात. स्वच्छतागृह गेटवेजवळच आटोपून घ्या.

लाँचचे तिकीट खिडकीवरच घ्या. ‘साहेब, स्पेशल बोट’ म्हणत मागे लागणाऱ्यांकडे वळायची गरज नाही. तिकीट जाऊन-येऊन एकच असते, माणशी तीनशे रुपये धरून ठेवले की पुरतात. परतीचा तुकडा खिशात जपा, येताना तो मागतात. वरच्या डेकवर बसायचे वेगळे थोडे पैसे लाँचवरच घेतात, त्यासाठी दहा-वीसच्या सुट्या नोटा असू द्या. बेटावरच्या किरकोळ पावत्यांनाही त्या लागतातच.

लाइफ जॅकेट चढल्याबरोबर अंगात घाला आणि पट्टे आवळून घ्या. गळ्यात अडकवलेले सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. लहान मुलांसाठी लहान मापाचे मागून घ्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकून जीवितहानी झाली, तेव्हापासून या बाबतीत काटेकोरपणा आला. तरी दुपारच्या उकाड्यात लोक जॅकेट काढून मांडीवर घेतात. तसे करू नका. लाँच खच्चून भरलेली दिसली तर सरळ पुढच्या फेरीने जा.

बसायला मधले बाक बरे: मागे डिझेलचा धूर, पुढे पाण्याचे तुषार. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि परतीची लाँच त्याच्या तोंडावर जाते, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांना त्रास बहुधा येतानाच होतो. गोळी घ्यायची तर निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या, उलटी व्हायला लागल्यावर ती उपयोगाची नाही. वाटेत तेलाच्या टाक्यांचे बुचर आयलंड आणि समोर न्हावाशेव्याच्या क्रेन दिसतात. नौदलाच्या जहाजांवर आणि गोदीवर कॅमेरा रोखू नका.

धक्क्यापासून लेण्यापर्यंत

बेटाभोवती चिखल आहे, त्यामुळे धक्का लांबलचक बांधलेला आहे. त्यावरून छोटी गाडी चालते. जाताना चालत जा, येताना पाय दुखत असतील तर गाडीत बसा. पायथ्यापासून वरपर्यंत पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. खरेदी परतीच्या वाटेवर करा: ओझे वाचते आणि भावही उतरतो. चढवत नसेल त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते. भाव जाण्या-येण्याचा मिळून, आणि बसण्याआधी ठरवा. चाकाच्या खुर्चीने वर जाता येत नाही.

वर पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००, पंधरा वर्षांखालील मुलांना मोफत. अमेरिकेहून आलेल्या भाच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल तर हा खर्च आधीच धरा.

माकडांबद्दल एवढेच: त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज आणि रंगीत पेयाची बाटली कळते. खाऊ बंद पाठपिशवीत ठेवा, पायऱ्यांवर बसून काही खाऊ नका, आणि बाटली ओढलीच तर सोडून द्या.

लेणे कसे पाहावे

इथे घाई करू नका. सहलीतले दोन तास फक्त लेणे क्रमांक १ साठी ठेवा. सहाव्या शतकाच्या मध्यातले हे काम, १९८७ पासून जागतिक वारशात. लोक सरळ महेशमूर्तीकडे धावतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात.

उत्तरेच्या दारातून आत आल्यावर आधी दाराशीच थांबा. उजव्या हाताला नटेश, डाव्या हाताला योगीश्वर: एक नाचणारा, एक निश्चल. तोवर डोळे अंधाराला सरावतात. मग सरळ दक्षिणेच्या भिंतीकडे. मधली महेशमूर्ती माणसाच्या तिपटीहून उंच आहे. तुमच्या डावीकडचे मुख भैरवाचे, मिशा आणि वळलेल्या भुवयांचे, उजवीकडचे उमेचे, कोवळे, मधले शांत. जवळून ती नीट दिसत नाही. आठ-दहा पावले मागे, खांबांच्या ओळीत उभे राहा. तिच्या शेजारी, तुमच्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर.

तिथून पश्चिमेकडे वळा. चार दारांचे लिंगाचे गर्भगृह आहे, दर दाराच्या दोन्ही अंगांना द्वारपाल. जवळच शिवपार्वतीच्या विवाहाचा पट आणि अंधकासुरवध आहे. हे दोन्ही एकापाठोपाठ पाहा. विवाहातली मान खाली घातलेली पार्वती बघून लगेच अंधकासुरवधासमोर आलात तर त्यातल्या संतापाचा जोर कळतो. शेवटी पूर्वेच्या बाजूला कैलास उचलणारा रावण आणि कैलासावरचे शिवपार्वती. पूर्वेचा चौक उघडा आहे आणि सकाळी तिथूनच उजेड आत येतो. पहिल्या लाँचचा हा दुसरा फायदा. चौकाला लागून सिंहांच्या पायऱ्यांचे लहान देऊळ आहे, तिथल्या मातृका बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

पटांचे खालचे भाग बरेच तुटलेले आहेत. हात लावू नका, टेकून उभे राहू नका. वाटाड्या हवा असेल तर ओळखपत्र बघून घ्या आणि पैसे आधी ठरवा.

लेणी क्रमांक २ ते ५ बरीचशी अपुरी किंवा साधी आहेत, पंधरा-वीस मिनिटांत होतात. वेळ आणि पाय शिल्लक असतील तर तोफांच्या टेकडीवर जा. वर दोन मोठ्या तोफा आहेत आणि बंदराचा देखावा चांगला दिसतो. वाटेवर सावली कमी आहे, म्हणून मार्चनंतर भर दुपारी हा नाद सोडा. माणशी दीड लिटर पाणी जवळ हवेच.

जेवण, परतणे

जेवण पायऱ्यांच्या आसपासच्या खानावळींत मिळते. मासे घ्यायचे तर आज काय ताजे आहे ते विचारून घ्या, आणि थाळीचा भाव आधी. साडेबाराच्या आत बसलात तर वाट पाहावी लागत नाही.

परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या सुमाराची. तिच्यावर बेत टाकू नका. चारनंतर धक्क्यावर रांग वाढत जाते, आणि पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही. अडीच-तीनची लाँच धरली की चारच्या आत गेटवेला पोहोचता, मुलेही पेंगत नाहीत.

पनवेल, उरण, नवी मुंबईकडच्यांना गेटवेपर्यंत यायलाच हवे असे नाही. बेट उरण तालुक्यातच येते आणि मोरा बंदरातून तिकडे होड्या जातात. त्या गावकऱ्यांच्या सोयीने चालतात, म्हणून आदल्या दिवशी मोऱ्याला परतीच्या वेळेसकट विचारून ठेवा. आणि इथे ते तिथीचे गणित गेटवेपेक्षा जास्त लागते: मोरा बंदरात गाळ आहे, ओहोटीला होडी धक्क्याला लागत नाही. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊला मोऱ्यावर जाऊन उभे राहिलात तर समोर चिखल दिसेल.