फराळाची मापं वाटीवरून ग्रॅमवर आणताना

काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, ओटा सपाट, वही जवळ. पुढे.

घरात ज्या वाटीने शंकरपाळ्यांचं माप घेतात तीच वाटी काढा आणि सगळ्यात आधी तिच्यात मावणारं पाणी तोला. मैदा नंतर, साखर नंतर, आधी पाणी. कोरडी वाटी काट्यावर ठेवून शून्य करायचं, मग काठोकाठ पाणी. एक ग्रॅम म्हणजे एक मिली, तेव्हा 150 ग्रॅम भरलं तर वाटी 150 मिलीची. हा आकडा वहीत पहिल्या ओळीत लिहा. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं. कपाचे ग्रॅम किती ते सांगणारा तयार तक्ता वापरला होता; त्यातला कप 240 मिलीचा, घरची वाटी 150ची. मैदा तक्त्याच्या वजनाने घेतला, दूध-तूप वाटीने, आणि पीठ मळताच येईना. सगळंच एका वाटीने घेतलं तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. अर्धं वजनावर गेलं आणि अर्धं वाटीतच राहिलं की बिघडतं. म्हणून पाणी आधी.

आता भरायची रीत. ज्यांच्या हातची कृती आहे, त्यांनाच वाटी भरू द्या. तुम्ही फक्त तोला. चाळलेला मैदा चमच्याने अलगद भरला तर 150 मिलीच्या वाटीत साधारण 80 ग्रॅम बसतो. तीच वाटी डब्यात खुपसून वरून बोटांनी दाबली तर 95च्या घरात जातो. सपाट की शिगोशीग, तेही लिहा. पीठ तीनदा भरा, तीनदा तोला, मधला आकडा धरा. पाच ग्रॅमहून जास्त फरक पडला तर हात बदलतोय, पुन्हा भरा. साखर दाबली जात नाही, एकदा तोलली तरी पुरे: 125च्या आसपास. पिठीसाखर मात्र त्याच वाटीत जेमतेम 75, म्हणून नुसतं ‘साखर’ लिहून ठेवू नका. तूप पातळ असेल तर 135. थिजलेलं भरताना मध्ये पोकळ्या राहतात, आकडा दर वेळी वेगळा येतो. पातळ करूनच तोला. गूळ किसलेला की चिरलेला, दाबून की मोकळा, हे लिहिल्याशिवाय त्याच्या वजनाला अर्थ नाही.

‘मावेल तेवढा मैदा’ असं असेल तिथे अंदाज बांधू नका. मळायच्या आधी मैद्याचा डबा तोला, मळून झाल्यावर पुन्हा तोला, वजाबाकी करा.

मोहनाचं तेल चमच्याने घेत असाल तर दहा चमचे तोलून दहाने भागा. एका चमच्याला काटा नीट आकडा देत नाही. मीठ, सोडा, वेलची चमच्यातच राहू द्या.

मग छोटा घाणा करून बघा. आकडे लगेच गोल करू नका, 78चे 80 नंतर. वाटीच्या बुडाला खूण करा. दुसऱ्या घरची कृती आली तर त्यांच्या वाटीतलंही पाणी तोलून घ्या, आणि ते जमत नसेल तर ती कृती वाटीनेच करा.