टंगस्टनच्या कामाआधीची तयारी

सगळ्यात आधी वितळवायचं डोक्यातून काढून टाका. टंगस्टन वितळतं 3422 डिग्रीला, अ‍ॅल्युमिनाची मूस 2072 लाच पाणी होते, ग्रॅफाइटची घ्यावी तर टंगस्टन त्यातला कार्बन ओढून कार्बाइड होऊन बसतं, मग ओतणार कशात? मोठ्या कंपन्यासुद्धा पावडर दाबून हायड्रोजनमध्ये भाजतात, हेवी अलॉय (टंगस्टनमध्ये थोडं निकेल-लोखंड मिसळलेला धातू) असेल तर 1500 डिग्रीच्या आसपास त्यातलं निकेल-लोखंड वितळून टंगस्टनचे दाणे धरून ठेवतं. अक्कलकोट रोडच्या आपल्या शेडमध्ये हे जमणार नाही, हायड्रोजन तर नकोच बाबा. तयार बार घ्या, पाहिजे त्या मापाच्या जवळचाच, नाहीतर निम्मे पैसे चिप्समध्ये, म्हणजे कापताना निघणाऱ्या किसात जातात.

मग माल नेमका कुठला ते बघा, त्याशिवाय लेथच्या चकात धरू नका. 25 एमएम व्यासाचा, 100 एमएम लांब गोल तुकडा काट्यावर ठेवा, स्टील असेल तर 385 ग्रॅमच्या आसपास भरेल, 90 टक्क्यांचा हेवी अलॉय 830 च्या पुढेमागे आणि प्युअर साडेनऊशेच्या जवळ. एक कानस पण जवळ ठेवा, हेवी अलॉयला ती लागते, कार्बाइडवर नुसती घसरते, आणि कार्बाइड निघालं तर लेथ विसरा, डायमंड व्हील आणा.

हेवी अलॉयला कार्बाइड इन्सर्ट (टूलला लावायचं कापणारं टोक) धारदार पाहिजे, टूल आखूड धरा, चक घट्ट. लाइट गेली तर टूल लगेच मागे घ्या, कटमध्ये अडकलं की टोक गेलंच समजा. प्युअर असेल तर गार असताना वाकवू नका, तडकतं, आधी तापवून घ्या, पण हवेत लालभडक करून ठेवलं की पिवळा ऑक्साइड सुटायला लागतो.

धूळ मात्र सिरियसली घ्या. मे महिन्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो म्हणून पोरं स्टँडचा पंखा थेट ग्राइंडरवर सोडतात, आणि कार्बाइडची कोबाल्टवाली धूळ सरळ फुफ्फुसात. पंखा बाजूला, सक्शन चालू, चांगला मास्क, तोंडाला गुंडाळलेला टॉवेल चालणार नाही. टिग वेल्डिंगचे लाल टोकाचे टंगस्टन इलेक्ट्रोड घासायचे असतील तर जास्तच जपा, त्यात 2 टक्के थोरियम ऑक्साइड असतं, किरणोत्सारी. त्यापेक्षा सोनेरी टोकाचे लँथॅनमवाले आणा ना, काम तेच होतं. घासताना लांबीच्या दिशेनं घासा, आडवं नको, आर्क भरकटतो.

चिप्स स्टीलच्या किसात मिसळू देऊ नका, वेगळ्या डब्यात भरा, भंगारात भाव वेगळा मिळतो.