ऑफिस सुटल्यावरचं कॉलेज: सहा सेमिस्टर आणि एक केटी

ऑफिसातल्या नव्या मुली अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत विचारतात, ‘मॅडम, नोकरी सांभाळून एमबीए झेपेल का?’ दर वेळी अर्धंच सांगून होतं आणि सुट्टी संपते. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

२०१६ च्या जुलैत मी तीन वर्षांच्या पार्टटाइम कोर्सला प्रवेश घेतला. फायनान्स विषय, संध्याकाळचे वर्ग, कॉलेज दादरला. नोकरी रबाळ्याच्या एका कारखान्यात, परचेस विभागात. घर डोंबिवलीला, मुलगा दुसरीत. साडेपाचला सुटायचं, रबाळ्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, पावणेसातला वर्गात. संध्याकाळी ठाण्याहून दादरकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, कारण सगळी मुंबई उलट्या दिशेला निघालेली असते. माझा निम्मा अभ्यास त्या सीटवर झाला. परतीच्या गाडीत मात्र पुस्तक उघडायची ताकद नसायची. रात्री दहानंतरच्या लेडीज डब्यात नर्सेस, मॉलमधून सुटलेल्या सेल्सगर्ल आणि मी, सगळ्या खिडकीला डोकं टेकून. मुलुंड गेलं की कुणीतरी कुणाला तरी उठवायचं.

प्रवेशाआधी घरी बोलणी झाली. सासूबाई म्हणाल्या, ‘शिक गं, शिकायला कोण नको म्हणतंय? पण रविवारचा स्वयंपाक कुणाचा, ते आत्ताच ठरवा. नंतर कुरकुर नको.’ नवऱ्यानं रविवार घेतला. तीन वर्षं रविवारी सकाळी पोहे आणि रात्री खिचडी. मुलगा अजून पोह्यांकडे संशयानं बघतो. पण बोलणी आधी झाली म्हणूनच निभावलं, हे खरं.

ऑफिसात मात्र मी उलटं केलं. साहेबांना सांगितलंच नाही. वाटलं, हिचं लक्ष आता कामात नाही असा शिक्का बसेल. पहिल्याच सेमिस्टरची परीक्षा नेमकी वार्षिक शटडाऊनच्या, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवायच्या, आठवड्यात आली. स्पेअर्सचे ट्रक गेटवर उभे, आणि मी क्वांटिटेटिव्ह टेक्निक्सच्या पेपरसाठी अर्धा दिवस मागतेय. साहेब एवढंच म्हणाले, ‘जुलैमध्ये सांगितलं असतंस तर शटडाऊनला दुसरं माणूस लावलं असतं.’ रजा दिली, पण पेपरात माझं डोकं स्टोअरमध्येच होतं. केटी लागली, म्हणजे नापास होऊन तो पेपर पुन्हा देणं आलं. तीही ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेममुळे, म्हणजे कमीत कमी खर्चात माल कुठून कुठे पाठवायचा त्या गणितामुळे! रोज तीन स्टेशनांचे जिने चढणाऱ्या बाईला ते सोडवायची व्होगेलची पद्धत आठवेना. तर, वर्षाचं वेळापत्रक हातात येताच साहेबांच्या टेबलावर ठेवा. लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. इकॉनॉमिक्सचा तास चालू होता. सव्वाआठच्या सुमारास सगळ्यांचे फोन थरथरायला लागले. पाचशे-हजारच्या नोटा रात्री बारापासून बंद. आमच्यातला एक बँक अधिकारी बॅग उचलून गेलासुद्धा. सरांनी स्लाइड्स बंद केल्या आणि एकेकाला विचारलं, ‘उद्या सकाळी तुमच्या कंपनीत पहिला फोन कुणाचा येईल?’ मी म्हटलं, जॉबवर्कवाल्यांचा. तसंच झालं. आमच्यासाठी मशीनचे बुश (छोटे सुटे भाग) टर्न करून देणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपवाल्याचा सकाळी सव्वानऊला फोन. कामगारांचा पगार रोखीत, घरात ठेवलेली रोकड बाद, आणि आमच्याकडे त्याची बिलं साठ दिवस पडून. वर्गात ज्याला खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, म्हणत होते, ते त्या माणसाच्या आवाजात ऐकू येत होतं.

तोवर मला वाटायचं, सप्लायरकडून नव्वद दिवसांची उधारी मिळवली की आपण हुशार. फायनान्सच्या तासाला कळलं की तो नव्वद दिवसांचं व्याज भावातच लावतो. आणखी एक कळलं आणि जरा ओशाळले. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. आमच्या छापील ऑर्डरवर मात्र सगळ्यांसाठी सरसकट ९० असायचे. (२०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून उशिरा दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून आयकरात धरता येत नाही. तेव्हा कुठे सगळ्या कंपन्या कॅलेंडर घेऊन बसल्या.)

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या स्टीलवाल्यानं देऊ केलं: नव्वदऐवजी दहाव्या दिवशी पैसे द्या, तीन टक्के सूट घ्या. पूर्वी मी हसून सोडून दिलं असतं. आता गाडीत कॅल्क्युलेटर काढला. ९७ रुपये ८० दिवस आधी दिले की ३ रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला साधारण १४ टक्के. आमची कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेची उचल, ११ टक्क्यांची. मग सूट सोडायची कशाला? अकाउंट्सच्या साहेबांकडे कागद घेऊन गेले, जरा तोऱ्यातच. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘हे आम्हाला माहीत आहे हो. पण परचेसकडून आजवर कुणी विचारायलाच आलं नाही.’ तोरा उतरला, पण सूट मिळाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सप्लायरनं रिटर्न भरलं नाही तर खरेदीवर भरलेल्या कराचं आपलं क्रेडिट (वजावट) कसं अडकतं, हे वर्गात आणि ऑफिसात एकाच आठवड्यात शिकले.

म्हणून माझा सल्ला थोडा आडमुठा वाटेल. आज वर्गात ऐकलेलं उद्या ऑफिसात कुठेतरी लावून बघता येईल, अशी जागा असेल तरच पार्टटाइम करा. नुसता बायोडेटात एक ओळ हवी म्हणून तीन वर्षं जिने चढणं फार महाग पडतं. माझ्या वर्गातून पहिल्या वर्षात गळाले ते बहुतेक असेच होते. हुशारीत कुणी कमी नव्हते.

कोर्स निवडताना जाहिरातीतल्या ‘एक्झिक्युटिव्ह’ शब्दाला भुलू नका. हाती पदवी पडणार की डिप्लोमा की नुसतं प्रमाणपत्र, हे आधी विचारा. पदवी असेल तर कुठल्या विद्यापीठाची. डिप्लोमा असेल तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता आहे का. ऑनलाइन किंवा दूरशिक्षण असेल तर त्या कोर्सला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगी आहे का. प्रवास अशक्यच असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखे पर्याय १९८९ पासून आहेत. कर्ज काढणार असाल तर बँकेकडून आणि स्वतःच्या नावावर काढा. जुन्या करपद्धतीत त्याचं व्याज आठ वर्षांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतं, नव्या पद्धतीत होत नाही. कंपनीकडून उचल घेतली तर ही सवलत मिळत नाही.

ग्रुप प्रोजेक्टचं एक गुपित सांगते. ग्रुप मैत्रीवर पाडू नका, रेल्वे लाइनवर पाडा. आम्ही सेंट्रलवाले, वेस्टर्नवाले आणि हार्बरवाले असे वाटून घेतले. आमचा ग्रुप घाटकोपरच्या फलाटावर भेटायचा. एक पुढची गाडी सोडायची, तेवढ्यात कामं वाटून व्हायची.

पदवी मिळाली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. पेढे सगळ्यांनी खाल्ले, पगार एक रुपयानं वाढला नाही. दीड वर्षानं कमर्शियल विभागात जागा निघाली तेव्हा माझं नाव अकाउंट्सच्या त्याच साहेबांनी सुचवलं. पदवीचं त्यांनी काही काढलं नाही, म्हणाले, ‘ती स्टीलच्या डिस्काउंटवाली.’

आणि फॉर्म भरण्याआधी एक करून बघा. कामाच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार, ऑफिस सुटल्यावर कॉलेजच्या दारापर्यंत जायचं, पावणेदहापर्यंत तिथेच कुठेतरी थांबायचं आणि घरी यायचं. पाचही दिवस. मी असं केलं नव्हतं. पहिल्याच सोमवारी ठाण्याच्या पुलावर चप्पल तुटली आणि अकाउंटन्सीचा पहिला तास मी एक पाय बाकाखाली लपवून काढला.