मॉड व्हायचंय? आधी बिल्ले काढा, मग या चुका टाळा

रेट्रो पार्टीची थीम 'मॉड' म्हणजे साठच्या दशकातल्या ब्रिटनमधली नीटनेटक्या कपड्यांची शौकीन तरुण पोरं, अशी ठरली की एक जण हमखास येतो. अंगात हिरवा पार्का (टोपी असलेला लांब, सैल कोट), पाठीवर लाल-पांढरं-निळं गोल निशाण, बाहीवर युनियन जॅक, छातीवर दहा-बारा बिल्ले. 1962 सालच्या लंडनमधल्या मॉडने त्याच्याकडे बघून मान फिरवली असती. कारण हा वेश बराचसा 1979चा. त्या वर्षी द जॅम या बँडच्या आणि 'क्वाड्रोफेनिया' चित्रपटाच्या लाटेवर मॉड पुन्हा आले, ते असे दिसत. 'मॉड' हे मुळात 'मॉडर्निस्ट'चं तोडलेलं रूप. 1950च्या दशकाच्या शेवटी लंडनमधली मॉडर्न जॅझ ऐकणारी पोरं स्वतःला मॉडर्निस्ट म्हणवत, जुन्या वळणाचं 'ट्रॅड' जॅझ ऐकणाऱ्यांपासून वेगळेपणा दाखवायला. त्यामुळे आधी साल ठरवा आणि मगच कपाट उघडा.

दुसरी चूक पार्काचीच. तो मिरवायचा कपडा नव्हता, आपल्या रेनकोटसारखा होता. अमेरिकन लष्कराचा एम-51 पार्का सरप्लस दुकानात मिळे. स्कूटरवर थंडी आणि तेलाचे डाग सूटपर्यंत पोचू नयेत म्हणून तो वरून चढवायचा आणि क्लबात शिरताना उतरवायचा. मी एकदा मे महिन्यात पुण्यात तो घालून दोन तास बसलो होतो. फोटो बरे आले, एवढंच.

खरा खेळ पार्काच्या आतल्या सूटचा, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. लग्नातला सूट बाहेर काढून काम भागत नाही. तो घालून तुम्ही मॉडऐवजी नवरदेवाचे मामा दिसत असाल, तर दोष बहुधा खांद्यातल्या पॅडिंगचा आणि जॅकेटच्या लांबीचा असतो. टेलरला नीट सांगा: खांदे नैसर्गिक, जॅकेट आखूड, तीन बटणं, लॅपल बारीक, पँटची मोहरी अरुंद आणि खाली दुमड नको. हा इटालियन कट. जॅकेटच्या मागचा व्हेंट, म्हणजे खालची चीर, किती इंच असावा यावर ही पोरं तावातावाने वाद घालत, आणि उत्तर महिन्याभरात बदललेलं असे. कापड मोहेरचं, म्हणजे अंगोरा बकरीच्या चमकदार लोकरीचं. त्यातलं दोन रंगांच्या धाग्यांचं 'टॉनिक' म्हणजे साडीत आपण ज्याला धूपछाव म्हणतो, तेच. टेलरला हा एक शब्द सांगितला की पुढचं समजावत बसावं लागत नाही.

सूट परवडत नसेल तर फ्रेड पेरीचा पोलो शर्ट घ्या, वरचं बटण मात्र लावलेलं हवं. पायात डेझर्ट बूट, म्हणजे घोट्यापर्यंतचे मऊ कातड्याचे बूट. हे बूट क्लार्क्स कंपनीच्या नेथन क्लार्कना दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात असताना अधिकाऱ्यांच्या पायांत दिसले, तिथून ते आले.

आता स्कूटर. मॉड इटालियन व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा चालवत. आपल्याकडे बजाजने व्हेस्पाच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, तो परवाना 1971 साली संपला आणि मग चेतक आली. तेव्हा चेतक वापरली तर काहीच बिघडत नाही, वंश तोच आहे. लॅम्ब्रेटाची सगळी यंत्रसामग्री तर इटलीहून लखनौच्या स्कूटर्स इंडियाकडे आली आणि तिथल्या स्कूटर पुढे ब्रिटनमध्येही विकल्या गेल्या. बिघडतं ते वीस आरसे आणि आठ दिवे लावल्यावर. हँडल जड होतं, वळताना गाडी आपल्याच मर्जीने जाते. दिवे मंद पडत असतील तर बल्ब बदलत बसू नका. जुन्या स्कूटरच्या 6 व्होल्टच्या विजेला इतका भार पेलवतच नाही. दोन दिवे जोडा, बाकीचे नुसते शोभेला ठेवा. आरसे चार पुरे. खुद्द मॉडांनीच पुढे हे सगळं उतरवून स्कूटर उघड्या-बोडक्या केल्या होत्या.

गाण्यांच्या यादीत बीटल्स भरू नका. द हू आणि स्मॉल फेसेस हे ब्रिटिश बँड चालतील, पण तेवढ्यावर रात्र निघत नाही. मॉड नाचत होते ते अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतावर: मोटाउन आणि स्टॅक्स या कंपन्यांच्या रेकॉर्ड, आणि त्याच्या जोडीला जमैकाचं स्का हे नाचाचं संगीत, म्हणजे गायक प्रिन्स बस्टर वगैरे. लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवरच्या फ्लेमिंगो क्लबात गायक-वादक जॉर्जी फेम रात्रभर वाजवायचा. नाचायला कुणी उठत नसेल तर स्टॅक्सच्या ऑर्गनवादक बुकर टी.चं काहीतरी लावून बघा.

शेवटची चूक म्हणजे रॉकर्सशी, म्हणजे मोटरसायकलवाल्या, चामड्याची जॅकेटं घालणाऱ्या पोरांशी, मारामारीचं नाटक बसवणं. 1964 साली इंग्लंडमधल्या क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन इथल्या किनाऱ्यांवर हाणामाऱ्या झाल्या, हे खरं. पण वर्तमानपत्रांनी त्यांचं जणू युद्ध केलं. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी पुढे हा सगळा गदारोळ तपासला. मार्गेटच्या कोर्टात 75 पौंड दंड झालेला एक मुलगा म्हणाला, चेकने भरतो. ही पोरं किती पैसेवाली आणि माजलेली आहेत याचा पुरावा म्हणून ते वाक्य देशभर छापलं गेलं. त्या मुलाचं बँकेत खातंच नव्हतं.