हॉस्टेलला आलायसा तर शनिवारची एसटी धरू नका

नवीन पोरांनो, गादी, बादली, कुलूप काय आणायचं ते तुम्हाला कळतंय, त्यात वेळ घालवत नाही. मी 2018 ला कोल्हापुरात एमएस्सीला आलो आणि पहिलं वर्ष स्वतःच्या हातानं वाया घालवलं, ते सांगतो.

मी गारगोटीकडचा. शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड गाठायचं, सोमवारी सकाळी भाकरी-चटणीचा डबा घेऊन परत. कपडे धुऊन मिळतायत, पैसे वाचतायत, बिघडलं कुठं? बिघडलं असं की हॉस्टेल जागं होतं तेच मुळी शनिवारी रात्री. आठवडाभर सगळ्यांची दारं बंद, तोंडावर नुसतं 'काय भावा'. रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग दहा-बाराजण मिळून आम्लेट-पाव खायला बाहेर पडतात, कोण कुणाच्या गाडीवर बसणार यावरनं भांडतात, सेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा फॉर्म सुटलाय हे तिथं कळतं आणि कुणाच्या वडलांना दवाखान्यात ठेवलंय हेपण तिथंच कळतं. मी त्यावेळी घरात टीव्हीसमोर.

शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगं झाली, का तर खेड्यातल्या पोरानं शहरात राहून शिकावं. आणि मी राहायचं तेवढं सोडून सगळं करत होतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, एसटी बंद, नळाला पाणी नाही. टँकर आला की जिन्यात रांग करून बादल्या वर चढवायचो. माझ्या खालच्या पायरीवरचा पोरगा बादली देताना म्हणाला, "नवीन आलायस काय रे?" शेजारच्या खोलीतला होता तो! मला वर्ष झालं होतं.

घाबरू नका, त्याच आठवड्यात त्याच्याशी जमलं, अजून फोन असतो. घरची आठवण सगळ्यांनाच येते, बाथरूममध्ये नळ सोडून रडणारे पण बघितलेत. फक्त पहिल्याच दिवशी गळ्यात पडून नोट्स देणाऱ्या सीनियरपासून जरा लांब, माझं स्पष्ट मत आहे. 'जेवलास काय' विचारणारा बघा.

पहिले तीन शनिवार तरी थांबा. दोरी आणि जास्तीची बनियनं आणा, पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाहीत.