आयआरबीसमोर पहिल्यांदा उभे राहताय? या चुका टाळा

कॅनडात इमिग्रेशन कन्सल्टंटला आश्रयाचे दावे आणि इमिग्रेशनची अपिलं ऐकणाऱ्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डासमोर (आयआरबी) उभं राहायचं असेल तर आरसीआयसी-आयआरबी, म्हणजे एल३ वर्गाचा परवाना लागतो. तो घेणारे बहुतेक जण फॉर्म भरण्याच्या कामातून आलेले असतात. तिथे कागद चोख असला की काम झालं. सुनावणीत क्लायंट बोलतो आणि आपल्याला ऐकावं लागतं. शिकवताना माझा निम्मा वेळ या ऐकण्यावर जातो, तरी दर तुकडीत त्याच चुका पुन्हा दिसतात.

दुभाष्याची चूक "नंतर सांगू" म्हणून सोडून देणं

ही चूक मी स्वतः केली आहे. आश्रयाचा दावा होता, क्लायंट हिंदी बोलणारा. बेसिस ऑफ क्लेम फॉर्ममध्ये, म्हणजे दाव्याची हकीकत मांडायच्या फॉर्ममध्ये, आम्ही लिहिलं होतं की त्याच्या चुलतभावाला घरातून उचलून नेलं. सुनावणीत तो म्हणाला, "मेरे भाई को उठा ले गए." आपल्याकडे चुलतभावाला भाऊच म्हणतात. दुभाष्याने सरळ 'ब्रदर' म्हटलं. मेंबरने, म्हणजे निकाल देणाऱ्या बोर्डाच्या सदस्याने, फॉर्म उलटला आणि विचारलं, "इथे तर तुम्हाला सख्खा भाऊच नाही असं लिहिलंय?" क्लायंट गांगरला. "भाई ही तो है," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मला हिंदी येतं. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण मी पुढचा प्रश्न शोधत होतो, आणि शेवटच्या युक्तिवादात खुलासा करू असं मनाशी ठरवलं. खुलासा केलाही. मेंबरचा प्रश्न एकच होता: तेव्हा का बोलला नाहीत? दावा फेटाळला गेला आणि निकालपत्रात ही विसंगती पहिल्या क्रमांकावर होती.

भाषांतराबद्दलची हरकत पहिल्या संधीलाच घ्यावी लागते, हे फेडरल कोर्ट ऑफ अपीलने २००१ सालच्या मोहम्मदियन निकालात स्पष्ट केलं आहे. गप्प बसलात तर तो हक्क सोडून दिला असं धरलं जातं. आता माझी सवय अशी: नात्यांचे सगळे शब्द क्लायंटसोबत आधी घोळून घेतो. "भाई" नाही, "चाचा का लड़का" म्हणायचं. चूक कानावर पडली की तिथेच मेंबरला थांबवतो आणि साक्षीदाराला मूळ शब्द पुन्हा विचारण्याची विनंती करतो. स्वतः भाषांतर करून देत नाही. ते आपलं काम नाही, आणि आपण साक्षीदारही नाही.

मेंबरने विचारलेलं पुन्हा विचारणं

रेफ्युजी प्रोटेक्शन डिव्हिजनमध्ये, म्हणजे आश्रयाचे दावे ऐकणाऱ्या विभागात, सर्वसाधारणपणे आधी मेंबर प्रश्न विचारतो, मग आपण. नवखे साठ प्रश्न टाइप करून आणतात आणि आपली पाळी आली की पहिल्यापासून सुरू करतात. क्लायंट तीच घटना दुसऱ्यांदा सांगतो, तारीख दोन दिवस इकडेतिकडे होते, आणि सरळ चाललेल्या साक्षीत विसंगती आपणच निर्माण करतो. मी कागदाचे दोन भाग करतो: जे नीट सांगून झालं ते डावीकडे, अर्धवट राहिलं ते उजवीकडे. विचारायचं फक्त उजवीकडचं. बहुतेक वेळा पाच-सहाच प्रश्न उरतात.

इमिग्रेशन अपील डिव्हिजनमध्ये, म्हणजे नाकारलेल्या स्पॉन्सरशिपसारख्या निर्णयांवरची अपिलं ऐकणाऱ्या विभागात, क्रम उलटा असतो. सुरुवात आपण करतो आणि मिनिस्टरचा, म्हणजे सरकारी बाजूचा, प्रतिनिधी उलटतपासणी घेतो. तिथे "तुमचं लग्न खरंच प्रेमाचं आहे ना?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारून मिळालेल्या "हो"ला काही वजन नसतं. शिवाय जोडीदाराची स्पॉन्सरशिप (त्याला कॅनडात बोलावण्याचा अर्ज) नाकारायला दोनपैकी एक कारण पुरतं: लग्न आज खरं नाही, किंवा ते मुळात इमिग्रेशनसाठीच केलं होतं. आजचे फोटो आणि चॅट दाखवून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. लग्न ठरलं तेव्हाचं काय, ते विचारा.

उत्तरं पाठ करून घेणं

याची मला मनापासून चीड आहे. शपथेवरची साक्ष, शंकेला कारण नसेल तर, खरी मानायची, हे १९७९ सालच्या माल्डोनाडो निकालापासून चालत आलेलं तत्त्व आहे. पाठांतर केलेलं उत्तर हीच शंका पेरतं. जुन्या फाइलमधली हकीकत नव्या क्लायंटच्या फॉर्मवर चिकटवणाऱ्यांनी तर हे काम करूच नये. क्लायंटचं आयुष्य पणाला लागलेलं असतं. मी क्लायंटला त्याचाच फॉर्म त्याच्या भाषेत पुन्हा वाचून दाखवतो आणि चूक निघाली तर रीतसर दुरुस्ती दाखल करतो.

बाकीच्या, पटकन

क्रमांक आणि यादी नसलेला चारशे पानांचा गठ्ठा दाखल करू नका; पानं सलग क्रमांकाची हवीत.

आश्रयाच्या सुनावणीची कागदपत्रं दहा दिवस आधी पोचली पाहिजेत, त्यांना उत्तर म्हणून दिलेली पाच दिवस आधी. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या कागदाला भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र दोन्ही जोडा.

आश्रयाची सुनावणी पुढे ढकलायची तर अर्ज किमान तीन कामाचे दिवस आधी द्या, आणि त्यात तीन पर्यायी तारखा लिहा.

आश्रयाच्या दाव्यात फक्त क्लायंटच्या गावातला धोका सिद्ध करून थांबू नका. मेंबर त्याच्याच देशातल्या दुसऱ्या शहराचं नाव घेईलच. तिथेही धोका का आहे, किंवा तिथे जाऊन राहणं रास्त का नाही, याची तयारी हवी.

स्पॉन्सरशिप नाकारल्यावर अपिलाला ३० दिवस असतात, पीआरच्या (कायम रहिवाशाच्या) कॅनडात राहण्याच्या अटीवर परदेशातून झालेल्या निर्णयाला ६०. दोन्ही तारखा फाइलच्या दर्शनी पानावर लिहा.

परवाना मिळाल्याच्या आठवड्यातच "पहिली सुनावणी कधी घेऊ?" असं विचारणाऱ्यांना मी आधी बघायला पाठवतो. आश्रयाच्या सुनावण्या बंद दाराआड होतात, पण अपील डिव्हिजनच्या सहसा जनतेला खुल्या असतात. रजिस्ट्रीला (बोर्डाच्या कार्यालयाला) विचारून दोन-तीन पूर्ण बसून ऐका, पहिली तर वही न उघडता.