गावपर्यटनात सगळ्यांना सोबत घेताना या चुका टाळा

पहिल्या बैठकीला बसायला जागा नसते आणि सहा महिन्यांनी तेच चार जण उरतात. असं झालं की लोकांना आस्था नाही म्हणून मोकळं होऊ नका. बिघाड बहुधा पहिल्याच दिवशी झालेला असतो. तयार आराखडा गावापुढे ठेवला, माना डोलल्या, झाला सहभाग! लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात लोकांचं मत विचारणं चौथ्या पायरीवर आहे आणि भागीदारी सहाव्या. चौथीवर थांबून सहावी गाठल्याचं सांगणं फार महागात पडतं. पाहुण्यांनी कुठवर यावं आणि कुठे येऊच नये, हे कागद कोरा असतानाच गावाला ठरवू द्या.

हजेरीची वही उघडून बघा. सह्या घरमालकांच्या, गाडीवाल्यांच्या, टूर कंपनीच्या. पाहुण्यांची अंथरुणं घालणारी, त्यांचं जेवण रांधणारी बाई त्यात नसते, कारण बैठक नेमकी तिच्या स्वयंपाकाच्या वेळी ठेवलेली असते. मग पाहुणे किती झेपतील याचा आकडा ठरतो, तो ज्यांना राबायचं नाही त्यांच्या अंदाजाने. बैठकीची वेळ तिला विचारून ठरवा. गुरं चारणाऱ्यालाही बोलवा, तुमची निसर्गवाट रोज त्याच्याच पायाखालची असते.

पैशाचं बोलणं संकोचाने पुढे ढकलू नका. होमस्टेचं भाडं एका घरात जातं, पण पाणी, कचरा आणि गोंगाट शेजारच्यालाही सोसावा लागतो. दर पाहुण्यामागे ठरावीक रक्कम गावाच्या निधीत जमा करा आणि हिशेब दरमहा फळ्यावर लावा. तोंडी ठरलेली वाटणी पहिल्या चांगल्या हंगामातच मोडते, मग नाती सांधायला वर्षं जातात.

कुरबुर सुरू झाली की दुर्लक्ष ही तर मोठीच चूक. पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांनी १९७५ मध्ये गावकऱ्यांच्या बदलत्या मनाचे चार टप्पे सांगितले: आनंद, अलिप्तपणा, चीड आणि उघड विरोध. पाहुण्यांना तुटक उत्तरं मिळू लागली, मोकळ्या वाटेवर कुंपण आलं, की तिसरा टप्पा लागला समजा. जेमतेम सातशे-साडेसातशे वस्तीच्या ऑस्ट्रियातल्या हालश्टाटमध्ये २०२३ च्या ऑगस्टमध्ये रहिवाशांनी गर्दीविरुद्ध निदर्शनं केली. पाहुण्यांची कमाल संख्या हंगामाआधीच लिहून, सह्या घेऊन ठेवा. भर हंगामात तो आकडा खाली आणायला कुणीच राजी होत नाही.